आमची केडगावपर्यंतची वारी

आम्ही चौघी पंढरपूरला जाणाऱ्या नव्हतो हे आधीच सांगते. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या म्हणजे चर्चच्या महिला संघातल्या आम्ही, तुकोबांच्या पालखीबरोबर पुण्यात नाना पेठेतून निघायचं आणि चौफुल्यावरून आत केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जायचं, एवढंच ठरलं होतं. माझी पणजी तिथे वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या त्यातली ती एक. आईबापाचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं असं आजी सांगायची, रमाबाईंचं नाव मात्र घरात देवाच्या खालोखाल. ह्यांचं नेहमी चालायचं, रिटायर झालो की दोघं चालत जाऊ केडगावला. मागच्या नोव्हेंबरमध्ये हे गेले.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, पण माणसं आठवतात. एक ताई रोज संध्याकाळी यायची, सांत्वनाचं एक वचन नाही की प्रार्थना नाही, यायची, ओट्यावर पडलेली मेथी निवडायची, चहा करून माझ्यासमोर ठेवायची आणि मी पिईपर्यंत बसून राहायची. दुसरी तीन आठवडे रात्री माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपली, घरी दहावीतला मुलगा असताना. मी दोघींना तेव्हा थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, सुचलंच नाही.

चौथी म्हणजे वहिनी. तिच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हते. ख्रिसमसच्या गायनावरून झालेलं, कारण आता लिहायलाही लाज वाटते इतकं छोटं. दफनाला ती आली होती, सगळ्यात मागे उभी होती, मला दिसली होती. ताईने मला न विचारता तिलाही वारीला बोलावलं आणि नाना पेठेत ती पिशवी घेऊन उभी दिसल्यावर मला इतका राग आला की नुसतं सलाम म्हणून मी पुढे चालायला लागले.

मंडळीतल्या काहींना हे आवडलं नव्हतं, वारीत आपलं काय काम म्हणून. मला त्यात अडचण वाटत नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं तेच सांगायचे. त्यांची भजनं आपण दर रविवारी पेटी-तबल्यावर म्हणतो, मग तुकोबांच्या पालखीमागे चार पावलं चालायला परवानगी कुणाची काढायची?

हडपसरला माउली सासवडकडे वळली, आम्ही सोलापूर रस्त्याने सरळ. लोणी काळभोरचा मुक्काम ताईच्या नात्यात झाला.

दुसऱ्या दिवशी उरुळी कांचन सुटल्यावर माझी टाच गेली. सकाळपासून चप्पल घासत होती, मी हट्टाने बोलले नाही, आणि दुपारी दोनच्या सुमाराला पाय टेकवेनाच. वरून ऊन, डांबर तापलेलं, शेजारून दिंड्या चाललेल्या, टाळांचा आवाज अक्षरशः डोक्यात जात होता. अभंग माझ्या आवडीचा होता तरी वाटत होतं थांबवा कुणीतरी. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. टाचेसाठी नाही. हे बरोबर नाहीत म्हणून.

दोघी पुढे गेल्या होत्या, मागे राहिली ती वहिनी. ती काही बोलली नाही. खाली रस्त्यावरच बसली, माझा पाय उचलून मांडीवर घेतला, बिसलरीची बाटली उघडून हळूहळू पाणी ओतत धूळ धुतली, बोटांच्या बेचक्यातली सुद्धा, आणि साडीच्या पदराने टिपला. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा फोड होता, वरची कातडी पांढरी पडलेली. शेजारी परभणीकडची एक आजी तुळस उतरवून टेकली होती, तिने पाहिलं आणि कमरेच्या पिशवीतून सुई काढली, दोरा ओवलेलाच होता. काडी पेटवून सुई शेकली, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा तसाच ठेवून तोडला. "काढू नको माय, राहू दे, पाणी झिरपून जातं."

कुठली दिंडी, तिने विचारलं. वहिनीने सांगितलं, दिंडी नाही आजी, आम्ही ख्रिस्ती, केडगावला चाललोय. "मंग उपास नसंल तुमचा," म्हणून तिने दोन लाडू काढून दिले. आणि उठताना, मी काही समजायच्या आत, माझ्या त्याच पायाला हात लावून कपाळाला लावला. माउली. मग वहिनीच्याही पाया पडली आणि डोक्यावर तुळस घेऊन चालायला लागली.

आम्ही दोघी तशाच बसलो. दर पवित्र आठवड्यात योहानाचा तेरावा अध्याय वाचतो, प्रभू शिष्यांचे पाय धुतो, आणि एकमेकांवर प्रीती करा ही नवी आज्ञा त्याच अध्यायात देतो, त्याच रात्री. किती वेळा मी स्वतः उभं राहून वाचलाय. वहिनीचे हात अजून ओले होते. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, लाडू खा आधी.

यवतच्या मुक्कामाला गावाकडून वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते, सगळ्यांना माहीतच आहे.

तिसऱ्या दिवशी चौफुल्याला पालखी वरवंडकडे गेली, आम्ही आत वळलो. मी लंगडत, वहिनीच्या दंडाला धरून. मुक्तीत पोचल्यावर मला वाटलं होतं खूप भरून येईल, तसं काही झालं नाही, नुसतं शांत वाटलं. झाडाखाली चौघींनी ह्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली, पणजीचं घेतलं, आणि त्या आजीचं नाव माहीत नव्हतं म्हणून सुईवाल्या आजीसाठी म्हणून केली.

परत येताना केडगाव स्टेशनवरून पुण्याची गाडी पकडली. वहिनीला बसल्या बसल्या झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. खांद्याला रग लागली, पण हडपसर येईपर्यंत मी हलले नाही.