कणकुंबीचा चापडा

टेंपो ट्रॅव्हलर चालवायला लागून मला १४ वर्षं झाली. बेळगाव-जांबोटी-चोर्ला रस्त्यावरचा खड्डा न खड्डा पाठ आहे. ट्रेकवाल्यांचं भाडं म्हणजे आरामाचं काम. मंडळी वर चढली की मागच्या सीटवर ताणून द्यायची.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी बेळगावच्या एका निसर्गसंस्थेची २२ माणसं होती. कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ गाडी लावली, तर मॅडम दारातच उभ्या. "मामा, तुम्ही पण चला की. शेवटी चालणारा आमचा पोरगा तापानं पडलाय." नाही म्हणवेना. सगळ्यांच्या मागं राहायचं, कुणाला मागं सोडायचं नाही, एवढंच काम. पायात चप्पल होती, ती चूक कारवीच्या रानात कळली. जळवा! माझी तंबाखू-चुन्याची पुडी त्या दिवशी निम्म्या ग्रुपच्या पायांना चोळून संपली.

वर धुकं जरा फाटलं. मॅडम म्हणाल्या, इकडचं पाणी मलप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं आणि पलीकडचं म्हादईतून, पुढं मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात. म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवायचं, यावरून कर्नाटक आणि गोव्याचं जे कळसा-भांडुऱ्याचं भांडण, ते हेच. लवादाचा निकाल २०१८ सालीच आला, खरं भांडण मिटलं नाही. आम्हा ड्रायव्हर लोकांना कळसा-भांडुरा म्हणजे रास्ता रोको, गाडी कुठून वळवायची, एवढंच ठाऊक.

उतरताना वाट अरुंद. माझ्या पुढची कॉलेजची पोरगी आधाराला फांदी धरायला गेली आणि फांदीवरची शेवाळी गाठ मला दिसली. गाठीला डोळे होते. तिला मागं ओढलं, आणि हातातली काठी कधी वर गेली ते कळलंच नाही. माझा चुलता घोणस चावून गेलाय. तेव्हापासून साप दिसला की आमच्या घरात दुसरा विचार नसतो.

फॉरेस्टचा गार्ड कुठून आला कुणास ठाऊक, त्यानं मनगट धरलं. "ब्याड्री मामा, बिड्री." म्हणजे कानडीत, नको मामा, सोडा.

मॅडमनी सगळ्यांना थांबवलं. मलबारी चापडा. बेडकाची वाट बघत एकाच जागी दिवस दिवस बसतो. चावला तर माणूस सहसा मरत नाही, खरं सूज आणि वेदना भयंकर. आणि दवाखान्यातली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीची, ती याच्यावर धड चालत नाही. म्हणून चार हात लांब राहायचं.

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मामा, तुम्ही इथंच थांबा. सगळे पलीकडच्या कडेनं जाईपर्यंत कुणाला फांदीजवळ येऊ देऊ नका."

म्हणजे मी, ज्यानं काठी उगारली होती, तोच राखणदार! मागं थांबलेले १५-१६ जण एकेक करून पाय जपत गेले. मी काठी आडवी धरून उभा. चापड्याची बुबुळं मांजरासारखी उभी. मी काठी उगारली तेव्हाही तो हलला नव्हता, आताही नाही. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. शेवटचा माणूस गेल्यावरही मी जरा थांबलोच.

परतताना जांबोटीच्या अलीकडं अंधार पडला. हेडलाइटमध्ये रस्त्यावर काहीतरी वळसे घालून पडलेलं. कचकन ब्रेक मारला, मागचे सगळे पुढच्या सीटवर आदळले. खाली उतरून टॉर्च मारला.

गोव्याला भाजी नेणाऱ्या कुठल्या तरी गाडीवरून पडलेली दोरी होती. बेळगाव येईपर्यंत पोरं हसत होती.