जोडकामापासून पूर्ण वायरिंगपर्यंत: आमची वाटचाल

मॉरिस मायनर, जुनी अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांची पूर्ण वायरिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही हाताने बांधून देतो. आमची बहुतेक गिऱ्हाइकं घरच्या घरी जुनी गाडी नव्याने तयार करणारी असतात. पत्रा, रंग आणि सीटचं काम बाहेर दिलं तरी वायरिंग स्वतः बसवायची, असं त्यांनी ठरवलेलं असतं. हा निर्णय आम्हाला पटतो. घाई केली नाही आणि एकेक सर्किट पुरं करत गेलं, तर हे काम घराच्या अंगणात उत्तम होतं.

सुरुवातीला आम्ही जोडकामच करत होतो. तुटलेली तार कापायची, नवी जोडायची, टेप गुंडाळायची. ते बंद का केलं, हे जुनी तार सोलली की कळतं. वरचं आवरण ठीक दिसतं, पण आतलं तांबं काळं पडलेलं असतं. अजून चार इंच कापलं तरी काळंच. बारीक तारांच्या मधल्या फटींतून ओल आत शिरते आणि तांबं आतल्या आत कळकत जातं. अशा तांब्यावर सोल्डर धरत नाही, क्रिंप केला, म्हणजे टर्मिनल तारेवर दाबून बसवलं, तर ते कळकीवर बसतं. सांधा तापतो, तापला की आवरण कडक होतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार वीतभर पुढे सरकलेली असते. हेडलाइटचा उजेड कमी म्हणून येणाऱ्या गाड्यांत बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि बल्बवर १०.६ असा फरक सर्रास सापडतो. तेवढ्याने बल्बचा जवळपास ४० टक्के उजेड जातो. बल्ब बदलून त्यावर इलाज होत नाही.

म्हणून आम्ही बोर्डावर आलो. आठ बाय चार फुटी प्लायवूडवर जुनी वायरिंग जशीच्या तशी पसरायची, प्रत्येक फाट्याशी खिळा ठोकायचा, लांबी आणि रंग बोर्डावरच लिहायचे. त्यासाठी जुनी वायरिंग गाडीतून अखंड निघायला हवी, आणि घरी काम करणाऱ्यांची पहिली चूक तिथेच होते. पक्कडीने तोडत काढलेली वायरिंग पोत्यात भरून आली, तर तिच्यावरून लांबी कळत नाही. काढण्याआधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा: कुठल्या भागाच्या कुठल्या टर्मिनलवर होती ते. कागदी चिठ्ठी ग्रीसने पुसते; कापडी टेपवर बॉलपेनने लिहिलेलं टिकतं. मागच्या दिव्यांकडे जाणारी वायरिंग पोकळ पत्र्यातून ओढायची असेल, तर तिच्या टोकाला आधी नायलॉनची दोरी बांधा. वायरिंग बाहेर येईल, दोरी आत राहील, आणि नवी वायरिंग त्याच दोरीने ओढून घेता येईल. दोरी न बांधता काढलेल्या गाडीत याच एका कामाला पूर्ण दिवस जातो.

नवी वायरिंग रंगकामानंतर आणि डॅशबोर्ड, छताचं कापड, सीट बसवण्याआधी घालायची.

तारेचं माप आम्ही बदलत नाही. ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांत १४, २८ किंवा ४४ पदरांची तार असे, प्रत्येक पदर ०.०१२ इंच जाड. आजचा ०.३० मिमी पदर त्याला जवळपास तंतोतंत जुळतो. बाजूचे दिवे, मीटर, इंडिकेटर यांना १४ पदरी, म्हणजे १ चौरस मिमी. हेडलाइट आणि हॉर्नला २८ पदरी, २ चौरस मिमी. डायनमो आणि बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तारेला ४४ पदरी, ३ चौरस मिमी. घरगुती वायरिंगची तार स्वस्त पडते म्हणून ती घालू नये. ती भिंतीत स्थिर पडून राहण्यासाठी केलेली असते. तिचे पदर जाड आणि कमी असतात, गाडीच्या थरथरीत ते टर्मिनलच्या तोंडाशी एकेक करून तुटतात. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांना आम्ही कल्हई केलेल्या तांब्याची तार घालतो. तिला क्षार उशिरा लागतो.

रंगांच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत. ल्युकस ही ब्रिटिश गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी कंपनी. तिच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची तार, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी तीच पण फ्यूजनंतरची, जांभळी बॅटरीची फ्यूजनंतरची, काळी अर्थ. निळी हेडलाइटच्या स्विचची, निळ्यावर पांढरी रेघ अपरची, निळ्यावर लाल डिपरची. लाल पार्किंगची. हिरव्यावर लाल डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा. हे पाठ असलं की रस्त्यात गाडी बंद पडली तरी टॉर्चच्या उजेडात दोष सापडतो. घरी जी तार असेल ती वापरून गाडीभर लाल-काळी घातली, तर पुढच्या माणसाला संपूर्ण गाडी उकलावी लागते. पद्मिनीचं घराणं इटालियन, तिला हे रंग लागू नाहीत. तिचे बोर्ड आम्ही वेगळेच ठेवले आहेत.

टोकांच्या कामात आम्ही सोल्डरकडून क्रिंपकडे आलो. सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो आणि जिथे ताठ भाग संपतो तिथेच तार मोडते. रॅचेटच्या पक्कडीने केलेला क्रिंप पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे अर्धवट दाब राहत नाही. प्रत्येक नव्या लॉटमधल्या काही टोकांना आम्ही वजन टांगतो. १ चौरस मिमीच्या तारेने १० किलो तोलायला हवेत. घरी वजन नसेल तर जोरात ओढून पाहा. जे टोक हातात येईल, ते एरवी घाटात सुटलं असतं. गोळीसारख्या बुलेट टर्मिनलचे जुने रबरी सांधे पुन्हा वापरू नका. त्यांच्या आतल्या पत्र्याच्या नळीला गंज असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

फ्यूजबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण गाडी जळते ती इथे. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत दोनच फ्यूज. फ्यूजच्या डबीतल्या ए१–ए२ टर्मिनलवर हॉर्न आणि आतला दिवा, ए३–ए४ वर इंडिकेटर, ब्रेकलाइट, वायपर, मीटर. हेडलाइट आणि पार्किंगला फ्यूजच नाही! तपकिरी तार सरळ लाइटच्या स्विचवर जाते. ती कुठे घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरी रिकामी होईपर्यंत किंवा तार पेटेपर्यंत थांबवणारं काही नसतं. दुसरी गोष्ट आकड्याची. ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, ते फ्यूज वितळण्याचं माप आहे. सतत झेपतो तो भार १७ अँपिअर. आज दुकानात मिळणाऱ्या ३५ च्या फ्यूजवर सतत झेपणारा भार लिहिलेला असतो. तो जुन्या जागी घातला, की फ्यूजच्या आधी तार वितळते. तिथे २० अँपिअरचा घाला. आमच्या वायरिंगमध्ये याखेरीज चार फ्यूज जादा असतात: अपर १५, डिपर १५, पार्किंग डावं ५, उजवं ५. ते डॅशबोर्डाखाली बसतात, बॉनेट उघडल्यावर गाडी पूर्वीसारखीच दिसते.

हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, घालावा का, हा प्रश्न रोज येतो. घालावा. जुन्या स्विचचे आणि पायाने दाबायच्या डिपरचे पॉइंट १० अँपिअर वाहून थकलेले असतात. डिपर तर ओल्या कार्पेटखाली आयुष्य काढतो. रिले घातला की त्यांच्यातून फक्त ०.२ अँपिअरच्या आसपास जातो. रिलेची मुख्य तार थेट बॅटरीवरून घेऊ नका, कटआऊटच्या (डायनमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीच्या) ए१ टर्मिनलवरून घ्या. बॅटरीवरून घेतली तर दिव्यांचा भार अ‍ॅमीटरला चार्जिंग म्हणून दिसतो, आणि बॅटरी भरतेय असं वाटत असताना ती रिकामी होत असते. रिले आहे म्हणून मोठे बल्ब मात्र घालू नका. ल्युकसचा सी४०/१ डायनमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. ६० वॅटचे दोन बल्ब १०, मागचे-पुढचे छोटे दिवे अडीच, कॉइल तीन-साडेतीन, वायपर तीन: एकोणीस झाले. १०० वॅटचे बल्ब घातले की नुसते दिवेच साडेसोळा घेतात.

अर्थचा दोष नव्या रंगाच्या गाड्यांत हमखास येतो. जुन्या गाडीत पत्रा हीच परतीची तार. नवा रंग म्हणजे पत्र्यावर चढवलेलं आवरण. दिवा घट्ट बसतो, पण अर्थ मिळत नाही. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, पार्किंग लावलं की ब्रेकलाइट कमी होतो. अर्थच्या प्रत्येक स्क्रूखाली रुपयाएवढा रंग खरवडा, खाचेदार वॉशर घाला, कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. आम्ही आता प्रत्येक दिव्याला स्वतंत्र काळी तारही देतो. इंजिन आणि बॉडी जोडणारा अर्थचा पट्टा परत लावायला विसरू नका. तो नसेल तर सेल्फ मारताना सगळा करंट चोकच्या केबलमधून परत जातो. केबल लाल होते, तिचं आवरण वितळतं, आणि दोष कार्बुरेटरमध्ये शोधला जातो. या पट्ट्याला आणि सेल्फच्या केबलला ३५ चौरस मिमी हवेत.

फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) भोकांतले रबरी ग्रोमेट, म्हणजे तार घासू न देणाऱ्या कड्या, रंगाच्या वेळी निघतात आणि परत बसत नाहीत. म्हणून ते आम्ही वायरिंगवर ओवूनच पाठवतो.

ब्रिटिश घराण्यातल्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असे. तो बदलून मायनस बॉडीला घ्यायचा असेल, तर कॉइलच्या आणि अ‍ॅमीटरच्या तारा उलट करा, जुना रेडिओ काढून ठेवा. इंजिन सुरू करण्यापूर्वी डायनमोच्या एफ तारेचं कटआऊटकडचं टोक सोडवून त्याला बॅटरीच्या जिवंत टोकाचा दोन-तीनदा क्षणभर स्पर्श द्या. नाहीतर डायनमो जुन्याच दिशेने करंट देतो आणि कटआऊटचे पॉइंट चिकटतात.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना थेट जोडू नका. बॅटरीचं टोक आणि अर्थची केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे करंट दोन अँपिअरच्या आतच राहतो, तार जळत नाही. चावी फिरवल्यावर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब पेटेल. हँडल मारून पॉइंट उघडले की मंदावेल. तो दोष नव्हे. सगळं ठीक वाटलं की बल्ब काढा, एकेक फ्यूज घाला, एकेक स्विच लावा. शेवटी दिवे चालू ठेवून व्होल्टमीटर लावा: बॅटरीचा जिवंत पोल ते बल्बचं जिवंत टोक ०.५ व्होल्टपेक्षा कमी, बल्बचं अर्थ ते बॅटरीचा अर्थ पोल ०.२ पेक्षा कमी.

२०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली, आणि मूळ रूप राखणाऱ्या वायरिंगची विचारणा वाढली. सुती विणीचं आवरण आम्ही तेव्हापासून देऊ लागलो. कुर्ल्यात जन्मलेल्या पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. घरोघरी झाकून ठेवलेल्या पद्मिनी आता अधिक जपल्या जाव्यात, असं आम्हाला मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी दोन बोर्ड वाढवले आहेत.

सध्या महायुद्धातल्या विलीज जीपचा बोर्ड चालू आहे. ती ६ व्होल्टची. तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट लागतो आणि व्होल्टची चालण्याजोगी घट निम्मीच, म्हणजे तेवढ्याच लांबीला तांबं चौपट हवं. या जीपना अनेकदा १२ व्होल्टची सेल्फची केबल घातलेली सापडते, आणि सेल्फ जड फिरतो म्हणून इंजिन खोललं जातं. या बोर्डावरची बॅटरी केबल आम्ही ७० चौरस मिमीची धरली आहे.