तुमच्या फिल्ममध्ये युद्ध कुठंय?

माझी सारायेव्होवरची, म्हणजे बॉस्नियाच्या राजधानीवरची, अकरा मिनिटांची फिल्म जिथं जिथं दाखवली, तिथं दिवे लागले की पहिला हात वर होतो आणि हाच प्रश्न येतो. दोन महिने बॉस्नियात राहिलात, तिथं एवढा संहार झाला, आणि फिल्ममध्ये एक बाई रात्रभर भांडी भरतेय. युद्ध कुठंय? दर वेळी मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेते. आता तुम्ही लेखी विचारलंत, म्हणून सगळंच सांगते.

२०१८चा उन्हाळा. पुण्यात फिल्म शिकत होते, एका कार्यशाळेसाठी निवड झाली आणि थेट सारायेव्हो. जाताना डोक्यात पक्कं होतं काय शूट करायचं ते. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, बॉस्नियाच्या युद्धात, तब्बल १,४२५ दिवस या शहराला बॉस्नियन सर्ब फौजांचा वेढा होता. चारी बाजूंनी डोंगर, डोंगरावर तोफा आणि खाली बशीत ठेवल्यासारखं शहर. मी त्या खुणा गोळा करत सुटले. भिंतींवरची गोळ्यांची भोकं घेतली. तोफगोळा पडून माणसं मेली तिथल्या खळग्यांत लाल राळ ओतलेली आहे, त्याला ते 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात, तेही घेतले. ट्रेबेविच डोंगरावर १९८४च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्लेचा, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीचा, ट्रॅक आहे. वेढ्यात तिथं तोफा होत्या, आता त्यावर रंगीबेरंगी चित्रं. तिथं तर मी सबंध दिवस घालवला. पायवाट सोडू नकोस, रानात अजून सुरुंग असतील, असं बरोबरच्या मुलानं चारदा बजावलं. पंधरा दिवसांचं फुटेज पुण्यातल्या सरांना पाठवलं. उत्तर एका ओळीचं : 'पोस्टकार्डं छान आहेत.'

राग आला. पण खरंच होतं ते.

मी राहायची बिस्ट्रिकमध्ये. लाल रंगाची जुनी बिअरची फॅक्टरी आहे, तिच्या वरच्या अंगाला, चढाच्या गल्लीत. घरमालकीणबाई सत्तरीच्या. तिथल्या पोरींसारखी मीही त्यांना 'तेता' म्हणायची. तेता म्हणजे मावशीही आणि आत्याही, त्यांच्याकडं दोन्हीला एकच शब्द. आमची भाषा म्हणजे सगळी खाणाखुणांची. तरी तुर्कांच्या कृपेनं काही शब्द दोन्हीकडं पोचलेत : दुचान म्हणजे दुकान, शेचेर म्हणजे साखर, सापुन, बक्शिश. तेवढ्या भांडवलावर रोज सकाळी तांब्याच्या जेझ्व्यातली, म्हणजे लांब दांड्याच्या भांड्यातली, कॉफी पीत आम्ही तासभर गप्पा मारायचो.

पोस्टकार्डांचा टोला बसल्यावर ठरवलं, तेतांची मुलाखत घ्यायची. भाषांतराला एका मैत्रिणीला बोलावलं. तेता लिपस्टिक लावून खुर्चीत बसल्या आणि त्यांनीच विचारलं, ''कुठून सुरू करू? परदेशी लोकांना आधी स्नायपर लागतो.'' मग बोलत राहिल्या. नवरा कसा गेला, लाकडासाठी फर्निचर कसं जाळलं, सगळं ओळीनं. अर्ध्या-पाऊण तासानं एकदम थांबल्या. मला वाटलं भरून आलं. तर म्हणाल्या, ''टेप बदलायची असेल ना?'' किती कॅमेऱ्यांपुढं बसल्या असतील बाई! माझ्या कॅमेऱ्यात टेप नसते, कार्ड असतं, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

ती मुलाखत मी वापरली नाही. वाईट होती असं नाही. झिजलेली होती.

त्याच रात्री अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. त्या दिवसांत सारायेव्होत रात्री पाणी तोडायचे. जुने पाइप, गळती फार. तेता पातेली, बाटल्या, बादली, किटली, सगळं भरून ठेवत होत्या. मी काही विचार न करता उठले, भरलेलं पातेलं बाजूला ओढलं, रिकामं नळाखाली सरकवलं, भरलेल्यावर ताटली झाकली. मी मूळची लातूरची. हे काम हातांना सांगावं लागत नाही.

तेता माझ्याकडं बघतच राहिल्या.

मग मी सांगायचा प्रयत्न केला. २०१६च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला पाणी उरलं नव्हतं. टाक्यांपाशी मारामाऱ्या होतील म्हणून जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हे सगळं मी हातवारे करून आणि कागदावर चित्र काढून सांगितलं. ''वोदा? वोझ?'' त्या म्हणाल्या. पाणी? आगगाडी? त्यांचा विश्वासच बसेना. आगगाडीच्या चित्रावर बोट ठेवून खो खो हसल्या.

मग बाल्कनीतून एक कॅन घेऊन आल्या. दहा लिटरचा, चेपलेला, कडीला लोकरीची चिंधी गुंडाळलेली, घामानं काळी पडून कडक झालेली. वेढ्यात वीज नाही म्हणून पंप बंद, नळ कोरडे. पण बिअरच्या फॅक्टरीखाली झरे आहेत. अख्खं शहर तिथं रांग लावायचं, बाबागाड्या नि हातगाड्या घेऊन. रांगेवरही तोफगोळे पडले. असे दोन कॅन घेऊन त्या हा चढ चढायच्या. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता. त्याच्याकडं हनुवटी करून म्हणाल्या, ''दो ९३... ओन. पोस्लिये, या.'' त्यांच्या भाषेत 'या' म्हणजे मी. त्र्याण्णवपर्यंत पाणी हा आणायचा. नंतर मी.

दुपारी नवऱ्याबद्दल वीस मिनिटं बोलल्या होत्या, त्यातलं एक वाक्य मला आज आठवत नाही. ही पाच शब्दांची गोष्ट मात्र विसरता येत नाही. आणि ती माझ्याकडं रेकॉर्डही झालेली नाही, कॅमेरा आतल्या खोलीत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायला लावलं असतं तर तीही झिजली असती. म्हणून विचारलं, रात्री नुसतं पाणी भरताना शूट करू का? ''पोलाको,'' म्हणाल्या. सावकाश कर. पुढच्या सहा रात्री मी तेच शूट केलं. फिल्म त्याचीच आहे.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण या तुलनेवरून माझ्यावर टीकाही झाली आहे. लातूर म्हणजे सारायेव्हो नव्हे. आमच्या रांगेवर कुणी नेम धरून बसलं नव्हतं. २०१२ साली, वेढा सुरू झाल्याला वीस वर्षं झाली तेव्हा, तिथल्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या, मेलेल्या प्रत्येकासाठी एक. त्यासमोर माझी घागर काढायची मला लाज वाटते. पण त्या स्वयंपाकघरात मी शिरले ती घागरीच्या ओळखीवर, हेही खरं.

तर युद्ध कॅनच्या त्या चिंधीत आहे. चौथ्या मिनिटाला, नऊ सेकंद. दिसलं नसेल तर तो माझ्या एडिटिंगचा दोष.

मागच्या वर्षी लातूरला शो होता, पन्नास-साठ माणसं. फिल्मच्या शेवटी पहाटे नळ आधी खोकतो, फुसफुसतो, मग पाणी येतं. तिथं हॉलमध्ये दोघी-तिघी हसल्या. दिवे लागले, मी नेहमीच्या प्रश्नाची तयारी करून उभी. मागच्या रांगेतल्या एक काकू उठल्या.

''त्यांच्याकडं पाणी किती वाजता यायचं?''

म्हटलं, पाचला.

''बरंय की,'' म्हणाल्या. ''आमाला दोनलाच उठावं लागायचं.''