आमची वाटचाल: डीएनए टेस्टिंगपासून पेशीभित्तिकेच्या प्रोटीन्सपर्यंत

सुरुवातीला आमचं काम साधंच होतं, रिसर्च करणाऱ्यांना वनस्पतींचा डीएनए काढून द्यायचा, पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या भरपूर प्रती बनवणं) करून द्यायचं, बस्स. मग एका मॅडमचं टोमॅटोचं काम आलं, फळ पिकताना मऊ का पडतं यावर, आणि त्यातून एक्सपान्सिनशी ओळख झाली. हे प्रोटीन १९९२ मध्ये काकडीच्या कोवळ्या रोपांत सापडलं. ते वनस्पतीच्या पेशीभोवतीची भित्तिका कापत नाही, सेल्युलोजचे धागे एकमेकांवरून सरकतील इतपत पकड सैल करतं, तेही अ‍ॅसिडिक पीएचला. टोमॅटोत पिकताना चालणारा त्याचा जीन दाबला की फळ टणक राहतं. हे वाचल्यावर आम्ही ठरवूनच टाकलं की आता हेच करायचं.

पण नुसते जीन बघून भागत नाही हे लवकरच कळलं. अरॅबिडॉप्सिस या रिसर्चमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात एक्सपान्सिन परिवाराचे ३६ जीन्स आहेत, कुठला कधी चालू होतो ते आरएनएवरून कळतं, ठीक आहे. पण भित्तिकेला बळकटी देणाऱ्या एक्स्टेन्सिन या दुसऱ्या प्रोटीनचं काय? जीनमध्ये प्रोलीन या अमिनो अ‍ॅसिडचा कोड असतो, पेशीत त्या प्रोलीनचं हायड्रॉक्सिप्रोलीन होतं, त्यावर अरॅबिनोज या साखरेच्या साखळ्या चढतात, मग टायरोसिन या दुसऱ्या अमिनो अ‍ॅसिडमधून ही प्रोटीन्स एकमेकांना अशी जखडतात की कॅल्शियम क्लोराइडने धुतलं तरी निघत नाहीत, आणि यातलं काहीच जीनच्या सिक्वेन्समध्ये सरळ दिसत नाही. म्हणून आम्ही जीन आणि प्रोटीन दोन्ही एकाच सॅम्पलमधून करतो, वेळ जास्त लागतो पण माझ्या मते अर्धवट रिपोर्ट देण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात जास्त मेहनत भित्तिका स्वच्छ करण्यात जाते. पेशीच्या आतली प्रोटीन्स चिकटून येतात, ती नीट धुतली नाहीत तर रिपोर्टमध्ये भलतीच नावं दिसतात. आमची टीम यात फार चिवट आहे, मला त्यांचा खरंच अभिमान वाटतो.

एक्स्टेन्सिनच्या जीन्समध्ये तेच तेच तुकडे परत परत येतात, शॉर्ट रीड म्हणजे छोट्या तुकड्यांत वाचलेला डीएनए जोडताना गोंधळ होतो, म्हणून आता लांब तुकडे एकदम वाचणाऱ्या लाँग रीड सिक्वेन्सिंगकडे वळलोय. आणि सॅम्पल पाठवणाऱ्यांना एकच विनंती, कापल्या कापल्या लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवा, कारण जखम झाली की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि काही प्रोटीन्स मिनिटांत भित्तिकेत पक्की बसतात, मग ती आम्हालाही काढता येत नाहीत.