लेन्स नंतर, आधी तिथी सांगा

मुंबईतल्या शिवडीच्या फ्लेमिंगोंचे फोटो दाखवले की पहिला प्रश्न ठरलेला: "लेन्स कुठली हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. २०० मिलिमीटरची, जुनी, झूमची रिंग जरा घट्ट झालेली. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो.

पहिल्यांदा गेले तेव्हा मीही १५०-६०० मिलिमीटरची लेन्स, म्हणजे तोफच, भाड्याने आणली होती. हार्बर लोकलने शिवडी, पूर्वेला उतरून ट्रकांच्या धुळीतून जेट्टी. वाजले होते साडेअकरा. समोर नुसता चिखल, आणि पार टोकाला कुणीतरी गुलाबी खडूने ओढल्यासारखी रेघ. तेच पक्षी. सहाशेवर नेलं तर रेघ जाड झाली, इतकंच. तापलेल्या चिखलावर हवा थरथरत असते; त्या झळांपुढे महागडी काचही हात टेकते. तीनशे फोटोंतला एक ठेवला, तोही निवटीचा, म्हणजे चिखलात राहणाऱ्या माशाचा. जेट्टीच्या पायाशी, डोक्यावर बटणासारखे डोळे, पुढच्या परांवर रेलून बसलेली, जणू ओट्यावर कोपरं टेकलेली शेजारीण.

जवळच एक कोळी काका जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "आज तिथी काय?"

मला कुठली माहीत!

"अष्टमी. आठ पाऊण सहा. भरती सहाला. आता काय मिळणार तुला?"

शाळेत आजीने घोकून घेतलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा, आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकत. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर भरतीचा तक्ता बघा, पण बेत आखायला कालनिर्णय पुरतं.

ओहोटीला पक्षी पाण्यामागे चरत आत जातात, भरती चढली की पाणीच त्यांना जेट्टीकडे हाकलत आणतं. शिवाय जेट्टीचं तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळी सूर्य डोळ्यांत, दुपारनंतर पाठीशी. म्हणून मी सप्तमी-अष्टमी गाठते, साडेतीनला जाऊन बसते. मग २०० मध्येसुद्धा दिसतं, की डोकं उलटं करून वरची चोच खाली घालून हे चिखलपाणी गाळताहेत. छोट्या रोहितची (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) चोच गडद, लांबून काळीच वाटते. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. मागे आता अटल सेतू येतोच. पूर्वी तो टाळायला धडपडायचे, हल्ली राहू देते. आहे तो आहे.

बोटीतून बघायचे असतील तर ऐरोलीला जा. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. बोटीही भरती बघूनच सुटतात.

आणि थवा उडावा म्हणून टाळ्या पिटून, दगड मारून काढलेले फोटो मला कृपया पाठवू नका. पोट भरायला आलेल्या पाहुण्याला कुणी ताटावरून उठवतं का?

हां, ती भाड्याची तोफ. दुकान सातला बंद व्हायचं, उशीर झाला की दुसऱ्या दिवसाचं भाडं. त्यामुळे त्या अष्टमीला सहाच्या ठोक्याला, जेट्टीपाशी पाणी आणि पक्षी भिडले असतील तेव्हा, मी लोकलमध्ये लेन्स मांडीवर घेऊन बसले होते आणि उभ्या बायकांची बोलणी खात होते.