मूल हवं म्हणून गेले, डॉक्टर म्हणाल्या 'आत्ता नको'

लग्नाला सहा वर्षं, पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर तयार न होण्याचा त्रास), पाळी कधी साठ दिवसांनी तर कधी नव्वद. आधीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पाहून 'वजन कमी करून या' एवढंच सांगितलं होतं. कसं, ते नाही. भात सोडला, रोज सकाळी पर्वती चढले. चार किलो उतरले, दिवाळीत पाच चढले.

2025च्या जूनमध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. वजन 86, उंची 158 सेंटिमीटर. त्यांनी टिर्झेपटाइडचं, म्हणजे भूक कमी करून वजन उतरवणारं इंजेक्शन सुचवलं, आठवड्यातून एकदा. भारतात ते त्याच मार्चमध्ये आलं होतं. पहिले चार आठवडे 2.5 मिलिग्रॅम, मग 5.

"म्हणजे आता ट्राय करायचं ना?"

"उलट! इंजेक्शन चालू आहे तोवर दिवस राहता कामा नयेत."

वजन उतरू लागलं की अंडं कधी फुटायला लागेल याचा नेम नाही, आणि गरोदरपणात हे औषध सुरक्षित आहे असं म्हणायला पुरेशी माहिती नाही. गर्भनिरोधक गोळीवरही विसंबायचं नाही, कारण पोट सावकाश रिकामं होतं आणि गोळी नीट लागू पडेलच असं नाही. निदान सुरुवातीचे चार आठवडे, आणि डोस वाढवला की पुन्हा चार, निरोध हवाच. सहा वर्षांत पहिल्यांदाच आमच्याकडे ते पाकीट आलं. आणताना नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

सुरुवातीच्या डोसची कुपी तेव्हा 3,500 रुपयांची, महिन्याला चार. फ्रिजच्या दारात, लिंबांच्या डब्यामागे. सुई इतकी बारीक की पहिल्यांदा टोचली की नाही हेच कळेना. खरा त्रास मळमळीचा. फोडणीचा वास आला की मी बाथरूममध्ये. सासूबाईंनी दोनदा ओकाऱ्या ऐकल्या. विचारलं काहीच नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात न मागता कैरीचं लोणचं. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी म्हटलं, "आई, तसं काही नाहीये, इंजेक्शनमुळे होतंय." त्यांनी "बरं" म्हणून बरणी उचलली आणि वरच्या फळीवर ठेवली. त्या दुपारी मी जेवले नाही, आणि ते मळमळीमुळे नव्हतं.

डिसेंबरअखेर वजन 78. पाळी 38 दिवसांनी आली, मग 35. तिथे इंजेक्शन थांबवलं. टिर्झेपटाइडनंतर दिवस राहण्याआधी निदान एक महिना जाऊ द्यायचा. याच प्रकारचं दुसरं औषध, सेमाग्लुटाइड, असतं तर दोन. त्या महिन्यात भूक अशी परतली की रात्री अकराला शेंगदाण्याचा डबा घेऊन बसायचे. दीड किलो वाढलंच.

मग लेट्रोझोल, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस. मेडिकलवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली, "ताई, ही तर कॅन्सरची गोळी." आहेच, स्तनाच्या कॅन्सरची. भारतात 2011मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती, 2017मध्ये उठली. आता पीसीओएसमध्ये अंडं फुटावं म्हणून पहिली हीच देतात. हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर तिथूनच परतले असते.

पहिल्या महिन्यात अंड्याची पिशवी 19 मिलिमीटरची झाली, फुटलीही. पाळी आली. दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या परवा संपल्या. मंगळवारी सकाळी सोनोग्राफी आहे, लघवी करून या म्हणालेत.