आईचा अंगठा उमटेना

"मावशी, अंगठा लागत नाही, उद्या या." मागच्या वर्षी दोन महिन्यांत आईनं रेशन दुकानात हे पाच वेळा ऐकलं. कार्डावर ती एकटीच, त्यामुळे तिच्याऐवजी अंगठा द्यायला दुसरं कुणी नाही. पाचव्या वेळी रिकामी पिशवी घेऊन घरी आल्यावर तिनं मला पुण्याला फोन केला.

आईनं संगमनेरात चाळीस वर्षं विड्या वळल्या. टेंभुर्णीचं पान कापायचं, तंबाखू भरायची, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांनी वळायची, वर दोरा. दिवसाला हजारभर. त्या बोटांवरच्या रेषा कधी गेल्या ते तिलाही कळलं नाही.

दोन दिवसांची रजा काढून मी तिला आधार केंद्रात नेलं. सकाळी टोकन घेतलं, नंबर लागला दुपारी. ऑपरेटर पोरगा समजूतदार होता. ओल्या कापडानं त्यानं तिची बोटं पुसली, आधी डाव्या हाताची चार, मग उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे काचेवर दाबून धरले. स्क्रीनवर लाल खूण येत राहिली. चौथ्या खेपेला कसेबसे ठसे घेतले गेले. डोळ्यांची बुबुळं मात्र एका दमात. मोबाईल नंबरही तेव्हाच जोडून घेतला. आधी तो जोडलेलाच नव्हता, आणि नंबर नसेल तर ओटीपी येणार कुठे?

काही दिवसांनी अपडेट झाल्याचा मेसेज आला. दुकानात अंगठा तरीही लागला नाही. बुबुळं तपासायची सोय तिथल्या मशीनला नव्हती.

मग मी नियम शोधले. आधार प्राधिकरणाचं 24 ऑक्टोबर 2017चं परिपत्रक सापडलं. ठसे जुळले नाहीत एवढ्यावरून कुणाचा हक्काचा लाभ अडवायचा नाही, दुसरा मार्ग काढायचा आणि अपवाद म्हणून नोंद ठेवायची, असं त्यात आहे. त्याची प्रत घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं ती वाचली आणि म्हणाला, "एकेक बोट लावून बघू." नवव्या खेपेला, डाव्या हाताच्या करंगळीला, मशीननं पावती काढली. विडी वळताना जे बोट लागत नाही, तेच.

देशानं प्रत्येकाला ओळखपत्र द्यावं, असं मला आजही वाटतं. पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ज्यांच्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता, त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. ब्रिटननं त्याच वर्षी आपली ओळखपत्र योजना कायद्यानं मोडीत काढली. तितकं टोक मला पटत नाही. पण ओळखपत्र हातात आहे, त्यावर फोटो आहे, समोरचा दुकानदार वीस वर्षं ओळखतो, आणि तरी धान्य अडतं ते एका बोटापायी, हे मला मान्य नाही. कष्टानं ज्यांचे हात झिजले त्यांनाच ही परीक्षा सगळ्यात जड जाते. म्हणून प्रत्येक दुकानात ती अपवादाची नोंदवही असायला हवी, आणि ती आहे हे मावशीला मागायच्या आधीच सांगायला हवं.

आता आई दुकानात शिरण्याआधी करंगळी पदराला पुसून घेते. परिपत्रकाची प्रत मी तिच्या रेशनकार्डात घडी घालून ठेवली आहे.